भूतदयेची किंमत कोणी मोजायची?

उत्तर प्रदेशच्या नगरविकास खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये एक आदेश काढला आणि वर्तमानपत्रांना चार दिवस करमणुकीचा विषय मिळाला. काही कारण नसताना माणसाला चावलेल्या मोकाट कुत्र्याला पहिल्या वेळी दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवून व त्याच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवून सोडून द्यावयाचे; तोच कुत्रा पुन्हा कोणास विनाकारण चावला तर मात्र त्याला जन्मभर निर्बीजीकरण केंद्रात डांबून ठेवावयाचे, असे त्या आदेशाचे थोडक्यात स्वरूप होते. चावा सकारण की विनाकारण हे ठरविण्यासाठी तिघांची समिती. ‘कुत्र्यास जन्मठेप’ हा मथळा कोणालाही सुचावा असाच होता आणि तो बहुतेकांना सुचलाही. कुत्र्याचे वकीलपत्र कोण घेणार, त्याला जामीन मिळणार की नाही, असे विनोद साहजिकच झाले.

विनोद ओसरल्यावर जे उरते ते मात्र हसण्यासारखे नाही. आदेशाचा सारा भर चावा कितवा यावर आहे. पोटरीला निसटता दात लागला काय आणि तीन वर्षांच्या मुलीचा गाल फाटला काय, दोन्ही ‘पहिली वेळ’च. आणि जी शिक्षा ठेवली आहे ती जन्मठेपेची. देहान्ताचा उल्लेख कोठेही नाही. तो नाही याचे कारण लखनौच्या अधिकाऱ्यांची करुणा हे नव्हे. केंद्राच्या नियमांनी तो मार्ग त्यांच्यापुढे ठेवलेलाच नाही. एखाद्या कुत्र्याने लहान मुलाला गंभीर जखमी केले, तर त्या कुत्र्याला मारावे की मारू नये, या साध्या प्रश्नाला भारतीय कायद्यात आज सरळ उत्तर नाही, आणि ते उत्तर देण्याचे टाळल्यामुळेच जन्मठेपेसारख्या युक्त्या शोधाव्या लागतात.

कायद्याचा इतिहास पाहिला म्हणजे ही टाळाटाळ मूळची नव्हे हे ध्यानात येते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेल्या खाजगी विधेयकातून त्याची चळवळ उभी राहिली होती. तेव्हा भूतदयेच्या बाबतीत तो कायदा कोरडा होता असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात कुत्र्याच्या हृदयात स्ट्रिक्निनचे इंजेक्शन टोचून मारणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि त्याच कलमात पुढे, मोकाट कुत्र्यांचा विहित पद्धतीने नाश करणे म्हणजे क्रूरता नव्हे, असाही खुलासा केला आहे. म्हणजे वध आणि क्रूरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याची संसदेला स्पष्ट जाण होती. पुढे २००१ मध्ये या कायद्याखाली प्राणिजनन नियंत्रणाचे नियम आले, २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली, आणि कायद्याने उघडे ठेवलेले दार नियमांनी जवळजवळ बंद केले. या नियमांप्रमाणे, बऱ्या न होणाऱ्या रोगाने पछाडलेला किंवा प्राणांतिक जखमी झालेला कुत्राच तेवढा मारता येतो. धडधाकट कुत्र्याने मूल फाडले तरी त्याची रवानगी निर्बीजीकरण, लसीकरण आणि पुन्हा मूळ जागी मुक्तता याच वाटेने व्हावयाची.

पिसाळलेल्या कुत्र्याविषयीची तरतूद तर विलक्षण आहे. ज्या कुत्र्याला रेबीज असण्याची दाट शक्यता दिसते, त्याला वेगळे कोंडून नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत ठेवावे, असे नियम सांगतात. रेबीजने येणारा मृत्यू ज्याने पाहिला आहे तो या तरतुदीला दया म्हणणार नाही. घसा लुळा पडतो, लाळ गळत राहते, अंगाला झटके येतात आणि शेवटी लकव्याने श्वास थांबतो. या यातनांतून जनावराची सुटका करणे निषिद्ध आणि त्या भोगावयास लावणे विहित, अशी ही व्यवस्था आहे. मारण्याचे पाप हाताला लागू नये एवढीच काळजी तीत दिसते. मरणाऱ्याचे काय होते याची नाही.

सर्वोच्च न्यायालयासमोर २०२५ मध्ये हा विषय आला तेव्हा देशाने तीन महिन्यांत तीन निरनिराळे सूर ऐकले. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. अवघ्या अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, तिघांच्या पीठाने तो बदलला: निर्बीजीकरण व लस झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीज झालेली, तो झाल्याचा संशय असलेली आणि आक्रमक वर्तनाची कुत्री सोडू नयेत, वेगळी ठेवावीत. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके व क्रीडासंकुले यांच्या आवारातील कुत्री तेथून हलवून परत न सोडण्याचा आदेश झाला. सारी नाही, काही. येथे नको, तेथे चालतील. असा हा प्रवास आहे. त्यात एक नेमका कुत्रा आणि एक नेमके मूल यांचा प्रश्न ‘आक्रमक वर्तन’ या दोन शब्दांत आटोपला आहे.

या गोंधळाचे मूळ असे की, दोन स्वतंत्र प्रश्न एकाच दाव्यात चालविले जात आहेत. मोकाट कुत्र्यांची संख्या कशी आटोक्यात आणावी हा एक प्रश्न. ज्याने मुलाला जबर जखमी केले त्या कुत्र्याचे काय करावे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सरसकट कत्तल हे नाही, याची साक्ष मुंबईच्या इतिहासानेच दिली आहे. १८३२ साली कंपनी सरकारच्या मुंबईत उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याची मोहीम निघे आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. आठ आण्यांच्या लोभाने लोक घरातील पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. शेवटी जूनच्या आरंभी कोटात पारशी समाज खवळून उठला, दुकाने बंद झाली आणि लष्कर बोलवावे लागले. नगावर मोबदला ठेवला की नग वाढतात, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही सांगू शकतील. कुत्री कमी झाल्याचे मात्र त्या मोहिमांतून दिसले नाही. पुढेही मुंबई महापालिका १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत कुत्री मारतच होती आणि रस्त्यावर कुत्री होतीच. उकिरडे भरलेले असले की मोकळी झालेली जागा शेजारच्या टोळ्या आणि नवी पिले भरून काढतात. पशुगणनेप्रमाणे देशात २०१२ मध्ये १ कोटी ७१ लक्ष आणि २०१९ मध्ये १ कोटी ५३ लक्ष मोकाट कुत्री होती. एवढी कुत्री मारून संपविण्याची भाषा हा निव्वळ आक्रस्ताळेपणा आहे.

परंतु पहिल्या प्रश्नाचे हे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटविण्यात प्राणिमित्रांच्या संस्थांनी जे चातुर्य दाखविले आहे ते तर्काला धरून नाही. ‘मारून संख्या कमी होत नाही’ हे विधान खरे आहे. मात्र मुलीचा गाल फाडणारा कुत्रा मारावा असे म्हणणारा मनुष्य संख्येबद्दल बोलतच नसतो. तो पुढच्या मुलाबद्दल बोलत असतो. २००८ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने, उपद्रवी कुत्र्यांना मारण्याचा पालिका आयुक्तांचा अधिकार बहुमताने मान्य केला होता. हे प्रकरण गोव्यातील नागरिकांच्या एका संघटनेच्या याचिकेतून निघाले होते. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आणि पंधरा वर्षांनी, मे २०२४ मध्ये, आता नवे नियम आले आहेत तेव्हा पक्षकारांनी त्यांच्या आधारे योग्य त्या ठिकाणी दाद मागावी असे सांगून ती प्रकरणे मिटविली. एक पिढी शाळेत जाऊन बाहेर पडली, प्रश्न मात्र तेथेच राहिला.

या प्रश्नात किंमत कोण मोजतो हे पाहिल्याशिवाय कोणताही निवाडा अपुराच राहील. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या अंबरपेठ भागात मोकाट कुत्र्यांनी चार वर्षांच्या एका मुलाचा जीव घेतला. मुलाचा बाप मोटारदुरुस्तीच्या केंद्रावर रखवालदार होता आणि मुलाला सोबत कामावर घेऊन आला होता. त्याच वर्षी जूनमध्ये केरळात कण्णूर जिल्ह्यात अकरा वर्षांचा एक मुलगा असाच गेला; त्याला बोलता येत नव्हते, त्यामुळे हाक मारणेही त्याला शक्य झाले नाही. या दोन घटना निराळ्या प्रांतांतील आहेत. पण अशा घटनांची यादी कोणत्याही प्रांतात केली तरी तीत एक साम्य आढळते. बांधकामावर वाळूच्या ढिगाशेजारी झोपविलेली तान्ही मुले, शौचाला उघड्यावर जाणारी मुले, कचरा वेचणाऱ्यांची मुले, पायी शाळेत जाणारी मुले तीत असतात. ज्यांच्या इमारतीला फाटक आहे, फाटकावर पहारेकरी आहे आणि शाळेची बस फाटकापर्यंत येते, त्यांची मुले त्या यादीत क्वचितच दिसतात.

अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणून एक संज्ञा आहे. एकाच्या व्यवहाराचा खर्च तिसऱ्याच्याच माथी पडतो आणि तो खर्च व्यवहार करणाऱ्याच्या हिशेबात धरलेला नसतो, तेव्हा ती वापरतात. कारखान्याचा धूर हे तिचे नेहमीचे उदाहरण. चौकात रोज संध्याकाळी कुत्र्यांना दूधपाव घालणाऱ्या सद्गृहस्थाचे समाधान खरे असते, त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या समाधानाचा खर्च त्याच्या खिशातून जातो तो फक्त पावापुरता. उरलेला खर्च रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी जाणारा कामगार, दूध टाकणारा पोऱ्या आणि पदपथावर निजणारे कुटुंब यांच्यात वाटला जातो. आणि त्यांचे मत कोणी विचारलेले नसते. हाच कुत्रा त्या सद्गृहस्थाने आपल्या घरात नेऊन बांधला असता तर हा आक्षेप उरला नसता.

हा युक्तिवाद नवा नाही. १९२६ साली अहमदाबादेत गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या गिरणीच्या आवारात जमलेली साठ मोकाट कुत्री मारली गेली आणि शहरात गहजब झाला. महात्माजींनी त्या कृत्याचे समर्थन केले आणि त्यानंतर ‘यंग इंडिया’मध्ये लेखमाला लिहून संतापलेल्या पत्रलेखकांना उत्तरे दिली. हिंसा हे पापच, पण चावणारी व पिसाळलेली कुत्री मोकळी ठेवून माणसे मरू देणे हे त्याहून मोठे पाप. बेवारशी कुत्रा हे समाजाच्या दयेचे नव्हे तर बेपर्वाईचे लक्षण. तुकडा टाकून आपल्या मनाचे समाधान करण्यापेक्षा ज्याला दया करावयाची आहे त्याने कुत्रा सांभाळावा किंवा सांभाळणाऱ्या संस्थेला पैसा द्यावा, असा त्यांचा आशय होता. अहिंसेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता साठ कुत्र्यांबद्दल जे बोलला, तेवढे तर येथे मागावयाचेही नाही. येथे प्रश्न त्या एका कुत्र्याचा आहे.

आकड्यांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण या वादात आकडे सोयीने वापरले जातात. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लक्षांहून अधिक नोंदी झाल्या आणि रेबीजचे संशयित मृत्यू ५४, असे सरकारने सांगितले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीतून काढलेला अंदाज मात्र वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे. चोपन्न आणि पाच हजार सातशे यांत शंभरपटींहून अधिक अंतर आहे. रेबीजचा रोगी पुष्कळदा रुग्णालयातून परत पाठविला जातो आणि घरी मरतो. त्याची नोंद होत नाही. आणि ही झाली फक्त मृत्यूंची गोष्ट. जी मुले जगतात त्यांचा हिशेब कोठेच नाही. प्रौढ माणसाला कुत्रा बहुधा पायाला चावतो. लहान मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते, त्यामुळे त्याला चावा चेहऱ्यावर, मानेवर, डोक्यावर बसतो. अशा जखमांतून विषाणूला मेंदूपर्यंतचे अंतर कमी पडते, म्हणून लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, आणि ते तालुक्याच्या गावी वेळेवर मिळेलच असे नाही.

कुत्र्याच्या बाजूने जे आक्षेप घेतले जातात त्यांतील पहिला नैतिक आहे: जनावराला अपराधाची जाणीव नसते, मग त्याला देहदंड कसा? आक्षेप बरोबर आहे आणि म्हणूनच येथे शिक्षेची भाषा वापरणे चुकीचे आहे. ‘दयामरण’ हा शब्दही काटेकोरपणे पाहता लागू पडत नाही. या मरणात हित मुलांचे आहे, कुत्र्याचे नाही. सरळ वेदनारहित वध म्हणावे. कुत्रा दोषी आहे म्हणून तो मारावयाचा नाही. त्याने काय करता येते ते एकदा दाखविले आहे, आणि रस्त्यावर त्याच्या नि पुढच्या मुलाच्या मध्ये मालक नाही, साखळी नाही, कुंपण नाही, म्हणून मारावयाचा. मोडकळीला आलेली भिंत पालिका पाडते तेव्हा भिंतीचा न्याय करीत नाही. अर्थात भिंतीला वेदना नसतात आणि कुत्र्याला असतात, म्हणून पद्धतीवर कडक बंधन हवे. शस्त्रक्रियेपूर्वी देतात तशा गुंगीच्या औषधाच्या जादा मात्रेने हे काम पशुवैद्य दोन मिनिटांत करू शकतो.

दुसरा आक्षेप चिथावणीचा. पिलांजवळ गेलेल्या मुलावर कुत्री धावून जाते. शेपटी ओढली, दगड मारला, खात असताना हात घातला तर कुत्रा चावतो. हे खरे असल्याने प्रत्येक चाव्याला मरण हा नियम कोणीही शहाणा मनुष्य सुचविणार नाही. येथे इंग्लंडचे उदाहरण उपयोगी आहे. तेथे १९९१ मध्ये धोकादायक कुत्र्यांचा कायदा झाला. त्यातील विशिष्ट जातींवरील बंदीचा भाग आजही वादग्रस्त आहे. आपल्याकडेही केंद्राने मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींवर बंदी घालणारे परिपत्रक काढले आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केले. जात पाहून कुत्रा ओळखण्याचा हा मार्ग सोडून द्यावा. पण इंग्लंडच्या त्याच कायद्यात दुसरा, अधिक समंजस भाग आहे. कुत्र्याने माणसाला जखमी केले तर त्याच्या नाशाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मात्र हा कुत्रा लोकांना धोकादायक नाही अशी खात्री पटल्यास, त्याचा स्वभाव, पूर्ववर्तन आणि मालकाची लायकी पाहून, मुसके, साखळी यांसारख्या अटींवर त्याला जीवदान देता येते. अटी मोडल्या तर नाश. प्रत्येक कुत्र्याचा स्वतंत्र विचार होऊ शकतो, हे यावरून दिसते. मोकाट कुत्र्याच्या बाबतीत अडचण एवढीच की, अटी पाळणारा मालकच नसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: चावला तोच कुत्रा कशावरून? हल्ला टोळीने होतो, अंधारात होतो, मूल लहान असते, आणि दुसऱ्या दिवशी पालिकेची गाडी येते तेव्हा हाती लागतो तो सर्वांत माणसाळलेला, गाडीजवळ शेपटी हलवीत येणारा कुत्रा. उत्तर प्रदेशातील सीतापूर जिल्ह्यात २०१७-१८ मध्ये डझनभर मुले जनावरांच्या हल्ल्यांत मरण पावली, तेव्हा संतापलेल्या गावकऱ्यांनी दिसेल तो कुत्रा मारला. हल्लेखोर गावचेच कुत्रे होते की रानातले दुसरे जनावर, यावर तेव्हाही एकमत नव्हते. जमावाचा हा न्याय दुहेरी घातक आहे. निरपराध कुत्री मरतात आणि खरा धोका कायम राहतो. शिवाय चावलेला कुत्रा तत्काळ ठार केला तर वैद्यकशास्त्राला लागणारा एक महत्त्वाचा पुरावा नाहीसा होतो. चावल्यानंतर दहा दिवस तो निरोगी राहिला, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे म्हणता येते. मुलाचे उपचार अर्थात त्यासाठी क्षणभरही थांबवावयाचे नसतात. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लस त्याच दिवशी सुरू करावयाची असते.

तेव्हा दहा दिवस कुत्रा कोंडून ठेवणे कोणत्याही परिस्थितीत आवश्यकच आहे, आणि नियमांत ती तरतूद आहेही. निर्णय करावयाचा तो याच दहा दिवसांत करता येईल. पशुवैद्य, पालिकेचा आरोग्याधिकारी आणि महसूल खात्याचा एक दंडाधिकारी, एवढी समिती पुरे. तिने तीनच गोष्टी पाहाव्यात: कुत्रा तोच आहे काय, चिथावणी होती काय, आणि जखम गंभीर आहे काय. यातील शेवटच्या गोष्टीसाठी नवी व्याख्याही शोधावयास नको. गंभीर दुखापत कशास म्हणावे हे फौजदारी कायद्याने केव्हाच ठरविले आहे. भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात हाड मोडणे, डोळा जाणे, डोक्याला किंवा चेहऱ्याला कायमची विद्रूपता येणे, पंधरा दिवस तीव्र वेदना भोगाव्या लागणे, ही मोजमापे दिलेली आहेत. माणसाने माणसाला केलेल्या इजेला जी कसोटी लागते ती कुत्र्याने मुलाला केलेल्या इजेलाही लावावी. ओळख पटली नाही किंवा संशय राहिला, तर कुत्रा वाचावा. त्यात कधीतरी खरा चावरा सुटेल. ती किंमत मोजलेली बरी, कारण ओळखीशिवाय मारण्याची मुभा दिली की आठ आण्यांची मोहीम पुन्हा सुरू व्हावयास वेळ लागत नाही.

राहिला जन्मठेपेचा पर्याय. तो दयाळू वाटतो खरा, पण त्याचा हिशेब मांडून पाहावा. आक्रमक कुत्रा इतरांत ठेवता येत नाही, म्हणून त्याला स्वतंत्र पिंजरा लागतो. तो तेथे आठदहा वर्षे जगू शकतो. शस्त्रक्रियेसाठी आणलेला कुत्रा पाचसहा दिवसांत परत जातो असे धरले, तर तोच एक पिंजरा वर्षाला साठसत्तर निर्बीजीकरणांच्या उपयोगी पडतो. दहा वर्षांत सहाशे ते सातशे. म्हणजे एका चावऱ्या कुत्र्याला जन्मभर ठेवण्याची किंमत काही शे न झालेल्या शस्त्रक्रिया आणि त्यातून रस्त्यावर जन्मणारी, उपासमारीने व वाहनांखाली मरणारी पिले ही होय. ज्या पालिकांपाशी पशुवैद्य पुरेसे नाहीत आणि पिंजरे मोजकेच आहेत, तेथे हा खर्च कागदावरचा नाही. आणि कुत्र्याच्या बाजूनेही पाहिले तरी चार फुटांच्या लोखंडी पिंजऱ्यात एकट्याने घालविलेली दहा वर्षे मरणापेक्षा बरी कशी, हे त्याच्या कैवाऱ्यांनी एकदा सांगावे.

वधाच्या बाजूने बोलताना एक धोका मात्र उघड मान्य केला पाहिजे. कुत्रा मारला की पालिकेच्या दृष्टीने फाईल मिटते. कचरा तसाच, निर्बीजीकरणाचे कंत्राट तसेच, पण ‘कारवाई’ झाली. म्हणून वधाबरोबर पालिकेला भुर्दंडही बसला पाहिजे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोकाट जनावरांच्या हल्ल्यांबाबत भरपाईचे कोष्टकच घालून दिले: दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये, आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २०,००० रुपये. दातांच्या खुणा मोजून भाव ठरविण्याची ही रीत कोणाला रुक्ष वाटेल. पण आजवर जो खर्च रखवालदाराच्या कुटुंबाने सोसला तो यामुळे सरकारी हिशेबात दिसू लागला. आणि निर्बीजीकरणापेक्षा भरपाई महाग पडते असे लेखापालाच्या लक्षात आले की निर्बीजीकरणाला पैसे सापडतात.

पाळीव कुत्र्यांची गोष्ट त्यामानाने सोपी, कारण तेथे ओळखीचा प्रश्नच नसतो. तरीही कायदा तेथेही लटका आहे. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे, जनावर निष्काळजीपणे बाळगणाऱ्यास जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. उंची जातीचे पिलू ज्या किमतीला विकत मिळते तिच्यापुढे हा दंड काहीच नाही, आणि त्या कुत्र्याचे पुढे काय करावयाचे याबद्दल त्या कलमात शब्दही नाही. जो मालक कुत्र्याला राखणदार म्हणून मुद्दाम तिखट करतो आणि मग मोकळा सोडतो, त्याच्या बाबतीत वरील समितीने कुत्र्याबरोबर मालकाचाही विचार करावा आणि पुन्हा कुत्रा पाळण्याची बंदी त्याच्यावर घालता यावी.

यासाठी संसदेसमोर जाण्याची आवश्यकता नाही. १९६० च्या कायद्यात मोकाट कुत्र्यांच्या नाशाची मुभा अजूनही शाबूत आहे. ती आखडली गेली आहे ती केंद्र सरकारनेच केलेल्या नियमांमुळे, आणि ते नियम केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये एका अधिसूचनेने जारी केले. त्याच अधिकारात, रोगी व मरणोन्मुख कुत्र्यांविषयीच्या नियमाला आणखी एक पोटनियम जोडला, आणि पिसाळलेल्या कुत्र्याला नैसर्गिक मृत्यूची वाट पाहावयास लावणारे वाक्य काढून टाकले, की पुरे.